दोन माइक, एक गळा, एक गिटार

मागच्या पावसाळ्यात माझा मामेभाऊ उघडा लॅपटॉप हातात घेऊनच दारात उभा राहिला. स्वतः बांधलेलं गाणं त्याने घरी रेकॉर्ड केलं होतं. एक माइक तोंडासमोर, दुसरा गिटारसमोर आणि माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोचवणारा दोन इनपुटचा छोटा इंटरफेस. "ताई, आधी गळ्याचा ट्रॅक ऐक. छान आहे ना? आता गिटारचा ऐक. तोही छान. आता दोन्ही एकत्र लावतो." त्याने दोन्ही लावले आणि गाण्यातला जीवच गेला. गळा पोकळ झाला, गिटारचा भरदारपणा कुठेतरी निघून गेला, पत्र्याच्या डब्यात बसून कुणी गातंय असं वाटायला लागलं. माइक चांगले होते, सूर लागलेला होता, खोलीही बऱ्यापैकी शांत होती.

दोन चांगले आवाज एकत्र आले की वाईट आवाज कसा तयार होतो, एवढं एक कळलं की घरच्या रेकॉर्डिंगचं निम्मं कोडं सुटतं. ते मी त्याला दोन दिवसांत, माइक हलवत हलवत समजावलं. तेच इथे लिहिते आहे.

आधी एक रास्त शंका. गिटार आधी वाजवून घ्यायची आणि गळा मागाहून, असं का नाही करायचं? करता येतं, आणि पुष्कळ स्टुडिओंत तसंच करतात. पण जो माणूस स्वतः वाजवत गातो त्याचा हात आणि श्वास एकमेकांना धरून चालतात. ओळ संपताना तो किंचित रेंगाळतो तेव्हा हातही रेंगाळतो. एखाद्या शब्दावर भार द्यायचा असेल तर त्याच्या आधीच्या मात्रेला हात आपोआप हलका पडतो. नुसती गिटार आधी वाजवून घेतली की या जागा अंदाजाने वाजवल्या जातात आणि नंतर गळा त्यांच्यामागे फरफटत जातो. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणि शुअर एसएम ५७ जातीचे दोन माइक घेऊन काही गाणी मुद्रित केली. बँडला ऐकवायचा तो कच्चा खर्डा होता. नंतर बँडसकट स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण कॅसेटमध्ये जे उतरलं होतं ते तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाहेर आली. एसएम ५७ हा काही तिजोरीत ठेवायचा माइक नव्हे, कार्यक्रमांत तबल्यासमोरही तो दिसतो. म्हणून हा खटाटोप करण्यासारखा आहे, आणि तो घरी होऊ शकतो.

आता बिघाडाकडे. आपण 'गळ्याचा माइक' आणि 'गिटारचा माइक' म्हणतो, पण हे माइकला कुणी सांगितलेलं नसतं. बसून गाणाऱ्या माणसाचं तोंड आणि गिटारचं भोक यांच्यात जेमतेम दोन-अडीच वितींचं अंतर. तोंडासमोरच्या माइकला गिटारही ऐकू जाते, गिटारसमोरच्या माइकला गाणंही ऐकू जातं. एका माइकमध्ये असा शिरलेला शेजारचा आवाज म्हणजे ब्लीड. तो नुसता शिरला असता तर फारसं बिघडलं नसतं. पण तो उशिरा पोचतो.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर, दीड वीत. समजा, गळा जवळच्या माइकला पोचला आणि त्यानंतर दीड वीत जास्त चालून गिटारच्या माइकला पोचला. आता आपल्याकडे एकाच गळ्याच्या दोन प्रती आहेत आणि दुसरी एक मिलिसेकंद मागे आहे. कानाला दोन वेगळे आवाज ऐकू येण्याइतकं हे अंतर मोठं नाही. म्हणून ते प्रतिध्वनीसारखं जाणवत नाही, वेगळ्याच प्रकारे नुकसान करतं.

झोपाळा आठवा. मागून एकजण ढकलतोय. दुसराही नेमक्या त्याच क्षणी ढकलायला लागला तर झोपाळा उंच जाईल. पण दुसऱ्याने झोपाळा मागे येत असताना धक्का दिला तर दोघांची ताकद एकमेकांना खाऊन टाकेल आणि झोपाळा थांबेल. ध्वनीची लहर ही अशीच ये-जा आहे. सेकंदाला ५०० वेळा हलणाऱ्या स्वराची एक फेरी दोन मिलिसेकंदांत पुरी होते. एक मिलिसेकंद उशीर म्हणजे नेमकी अर्धी फेरी, म्हणजे नेमका उलटा धक्का. हा स्वर खाल्ला जातो. हजार हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार वेळा हलणारा, स्वर तेवढ्यात एक पूर्ण फेरी मारून परत जागेवर आलेला असतो, तो मात्र दुप्पट होतो. मग १५०० पुन्हा पडतो, २००० पुन्हा वाढतो, २५०० पडतो, आणि असंच वर जात राहतं. आलेखावर काढलं तर फणीच्या दात्यांसारखं दिसतं. ५०० हर्ट्झ म्हणजे गिटारच्या पहिल्या तारेवर सातव्या फ्रेटचा (मानेवरच्या आडव्या पट्टीचा) स्वर जवळपास तोच, आणि गळ्याचा भरीवपणा ज्या पट्ट्यात असतो त्याचा मधला भाग. तो खणून काढला की पत्र्याचा डबा उरतो. भावाच्या लॅपटॉपमधून हीच फणी ऐकू येत होती. यालाच लोक 'फेजचा प्रॉब्लेम' म्हणतात आणि तो माइकच्या किमतीवर ढकलतात.

पण हा खड्डा किती खोल पडेल ते उशिरा आलेली प्रत किती मोठी आहे यावर ठरतं. दोन्ही प्रती सारख्याच मोठ्या असतील तर स्वर पूर्ण नाहीसा होतो. उशिरा येणारी प्रत १० डेसिबलने (हे आवाजाच्या पातळीचं माप) लहान असेल तर खड्डा सुमारे ३ डेसिबलचा राहतो, म्हणजे कळतो पण सोसतो. ती २० डेसिबलने लहान असेल तर खड्डा १ डेसिबलपेक्षाही कमी होतो, आणि तो कुणालाच ऐकू येत नाही. तेव्हा शेजारचा आवाज पूर्ण बंद करायची गरजच नाही. त्याला पुरेसा दबका ठेवलं की झालं. माझ्या भावाला हे ऐकून केवढं हलकं वाटलं, कारण तो मध्ये पुठ्ठा धरायचा बेत करत होता. (पुठ्ठा लावू नका. त्यावरून आवाज उलटून माइकमध्ये येतो आणि तिसरी प्रत तयार होते.)

दबका ठेवण्याचा पहिला मार्ग अंतराचा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, तिप्पट झालं की साडेनऊने. म्हणूनच एक जुना ठोकताळा आहे: माइक आपल्या आवाजापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावं. तोंड आणि गिटार यांच्यातलं अंतर काही वाढवता येत नाही, म्हणून माइक आपापल्या आवाजाच्या जवळ न्यायचे. गळ्याचा माइक तोंडापासून चार-सहा बोटांवर, गिटारचा माइक वीतभर अंतरावर. मात्र फार जवळ गेलं की दुसरी अडचण येते. एका दिशेचं ऐकणारा जवळजवळ कुठलाही माइक जवळच्या आवाजातला खर्ज फुगवतो. गळा घुमायला लागतो, 'प' आणि 'फ' फटाक्यासारखे वाजतात. मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे श्वासाचा झोत अडवणारी जाळी, ठेवायचा आणि माइक तोंडाच्या सरळ रेषेतून थोडा बाजूला घ्यायचा.

गिटारचा माइक कुठे रोखायचा याबद्दल नवख्यांची एक चूक ठरलेली असते. आवाज भोकातून येतो म्हणून माइक भोकासमोर. तिथे नुसता घुमारा मिळतो. गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते, पाचव्या मोकळ्या तारेच्या थोडी खाली, आणि भोकासमोर ठेवलेला माइक तेच उचलतो. माइक मानेकडे सरकवा, बाराव्या फ्रेटसमोर, रोख किंचित पोटाच्या दिशेने. तारेची चमक आणि लाकडाचा गोलावा दोन्ही तिथे मिळतात. तिथून एक बोट इकडे-तिकडे झालं तरी आवाज बदलतो, तेव्हा हलवून ऐकायचा कंटाळा करू नका.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. प्रत्येक दिशादर्शी माइकला एक बहिरी बाजू असते. सगळ्यांत जास्त वापरला जातो तो कार्डिऑइड. त्याच्या ऐकण्याचा आकार पत्त्यातल्या बदामासारखा असतो. समोरून नीट ऐकतो, बाजूने अर्धवट, आणि नेमक्या पाठीमागून जवळजवळ काहीच नाही. सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा नेमकी मागे नसते, मागच्या दोन्ही बाजूंना तिरकी असते, समोरपासून मोजलं तर साधारण १२६ अंशांवर. आणि तिसरा प्रकार इंग्रजी आठच्या आकाराचा. तो पुढून-मागून सारखंच ऐकतो, पण दोन्ही बाजूंना ठार बहिरा असतो. रिबन माइक स्वभावतःच असे असतात आणि काही कंडेन्सर माइकवर हा आकार निवडायचं बटण असतं.

माइक लावताना बहुतेक लोक तो कुठे पाहतोय एवढंच बघतात. दोन आवाज एकदम घ्यायचे असतील तेव्हा तो कुठे ऐकत नाही हे आधी बघायचं. गळ्याचा माइक कार्डिऑइड असेल तर तो हनुवटीच्या पातळीवर ठेवून खालून वर, तोंडाकडे रोखायचा. त्याची पाठ खाली गिटारकडे जाते. कपाळाच्या उंचीवरून खाली रोखलेला माइक दिसतो छान, पण त्याच्या नजरेसमोर तोंड आणि तोंडामागे गिटार, असा दोन्हींचा रांगेत नंबर लागतो. गिटारचा माइक उलट किंचित जमिनीकडे झुकवायचा, म्हणजे तोंड त्याच्या पाठीकडे सरकतं. आठच्या आकाराचे दोन माइक मिळाले तर काम फार सोपं होतं. गळ्याच्या माइकची बहिरी कड गिटारवर, गिटारच्या माइकची बहिरी कड ओठांवर. मात्र हे माइक मागूनही तेवढंच ऐकतात, तेव्हा त्यांच्या पाठीमागे नुसती भिंत नको, काहीतरी मऊ असू द्या.

हे अंश-बिंश मोजत बसायचं नसतं. आम्ही काय केलं ते सांगते. भावाला म्हटलं, "तोंड मिटून नुसती गिटार वाजव, एकच चाल, पुन्हा पुन्हा." मी कानाला हेडफोन लावून फक्त गळ्याचा माइक ऐकत होते. माइक हळूहळू फिरवत गेले. गिटार मोठी, मोठी, आणि एका जागी अचानक ती शेजारच्या खोलीत गेल्यासारखी बारीक झाली. तिथेच स्टँडचा स्क्रू आवळला. मग त्याला तारांवर तळहात ठेवून नुसतं गायला लावलं आणि गिटारचा माइक ऐकत तेच केलं. गिटार खूप रुंद आहे, तिचा आवाज एका ठिपक्यातून येत नाही, त्यामुळे ती पूर्ण नाहीशी होत नाहीच. पण या दहा मिनिटांत जेवढा फरक पडला तेवढा नंतर सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही प्लगइनने पडला नसता.

घरात दोघं नसतील, एकट्याने करायचं असेल, तर माझा सल्ला वेगळा आहे. दोन्ही माइक एकाच जागी ठेवा. छातीच्या उंचीवर, हातभर समोर, दोन्हींची डोकी एकमेकांना चिकटून, एकाचं तोंड वर गळ्याकडे, दुसऱ्याचं खाली गिटारकडे. आता गळा दोन्ही माइकना एकाच क्षणी पोचतो आणि गिटारही दोन्हींना एकाच क्षणी पोचते. उशीरच नाही, तर फणी कुठून येणार? ब्लीड भरपूर येतं, पण ते अपाय करत नाही. बदल्यात दोन गोष्टी सोडाव्या लागतात. गळा आणि गिटार यांचं प्रमाण नंतर फारसं बदलता येत नाही, आणि अंतर वाढल्यामुळे खोलीचा आवाज जास्त येतो. प्रमाण बदलता येत नाही याचं फार भय वाटू देऊ नका. १९०२ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं तेव्हा माइकच नव्हता, समोर एक कर्णा होता. गाणारी किती जवळ, साथीदार किती मागे, एवढ्यावरच तोल साधायचा. गाणाऱ्याने स्वतः हात हलका करावा आणि गळा सोडावा, हा तोलाचा सगळ्यांत जुना आणि अजूनही उत्तम मार्ग आहे. पेटी वाजवत गाणाऱ्यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू पडतं. फक्त त्यांना भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खडखड यांचाही विचार करावा लागतो.

रेकॉर्डिंग झाल्यावर लोक एक दुरुस्ती करायला जातात, तिच्यापासून सावध राहा. स्क्रीनवर गिटारच्या ट्रॅकमधला गळा एक मिलिसेकंद मागे दिसतो, म्हणून तो ट्रॅक तेवढाच पुढे ओढतात. गळा जुळतो. पण गिटारचं काय झालं? गिटार तर स्वतःच्या माइकमध्ये आधी पोचली होती आणि गळ्याच्या माइकमध्ये नंतर. ट्रॅक पुढे ओढल्यावर ती आणखी आधी गेली, अंतर दुप्पट झालं. दोन आवाज एकमेकांच्या उलट दिशेने उशिरा पोचलेले आहेत, एक ट्रॅक सरकवून दोन्ही कसे जुळतील? माझ्या भावाने हे आधीच करून पाहिलं होतं आणि गिटार जास्तच का बिघडली ते त्याला उमगत नव्हतं. कधीकधी यात मधला एखादा बिंदू सापडतो, पण तो कानाने शोधायचा. स्क्रीनवरच्या रेघा जुळल्या म्हणून भुलायचं नाही.

त्यापेक्षा एका ट्रॅकवरचं पोलॅरिटीचं बटण दाबून पाहा, तिरकी रेघ मारलेल्या शून्याची खूण असते ते. त्याने लहर उलटी होते. झोपाळ्याच्या भाषेत, उलटा धक्का देणारा सुलटा होतो. दोन्ही ट्रॅक मोनो करून, म्हणजे एकाच वाहिनीत मिसळून, बटण दाबून आणि न दाबता ऐका, आणि ज्यात खर्ज भरलेला वाटतो ते ठेवा. मोनो म्हणतेय ते मुद्दाम. एक ट्रॅक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकला की बिघाड लपतो, हेडफोनवर तर सुंदरही वाटतं. मग तेच गाणं कुणीतरी छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावतं, तिथे दोन्ही बाजू एक होतात आणि पत्र्याचा डबा परत येतो.

खोलीबद्दल थोडंच. चौकोनी, उघड्या भिंतींची खोली म्हणजे आणखी चार-सहा उशिरा येणाऱ्या प्रती. गाणाऱ्याच्या पाठीमागे गोधड्या टांगा, शक्य असेल तर कपड्यांचं उघडं कपाट ठेवा. पंखा बंद, फ्रीजचा आवाज येत असेल तर तेवढ्यापुरता तोही, आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, पुष्कळदा गुणगुण तिथूनच येते. कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवर त्याला वीज पुरवणारं ४८ व्होल्टचं बटण लागतं, एसएम ५७ सारख्या डायनॅमिक माइकला नाही. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठेवताना सगळ्यांत जोराच्या ओळीला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल एवढाच ठेवा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज कमी घेतल्याने काही बिघडत नाही, पण क्लिप झालेली, म्हणजे जास्त जोरामुळे फाटलेली, ओळ परत मिळत नाही.

आणि हे सगळं रेकॉर्ड करण्याआधी. कारण ब्लीड असलेल्या ट्रॅकमध्ये नंतर फार हात घालता येत नाही. गळ्याचा एक सूर यंत्राने वर उचलला तर त्या माइकमधली गिटारही उचलली जाते आणि दुसऱ्या माइकमधल्या गिटारशी भांडायला लागते. एखादा शब्द चुकला म्हणून तेवढाच पुन्हा गाऊन चिकटवता येत नाही. हा मला तोटा वाटत नाही. ओळ चुकली तर अख्खं गाणं पुन्हा गायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला गाणं अंगात उतरतं.

आमचा पाचवा टेक चांगला झाला. चौथा याहून चांगला होता, पण त्यात एक बारीक खरखर सतत येत होती आणि आम्ही केबल बदलून दमलो. शेवटी लक्षात आलं की भावाच्या शर्टाचं खालचं बटण गिटारच्या पाठीवर घासतंय. त्याने टी-शर्ट घातला, पुन्हा बसला, डोळे मिटून दोन श्वास घेतले आणि गायला. दोन्ही ट्रॅक एकत्र लावल्यावर गिटारच्या लाकडाचा ऊबदार घुमार आणि त्याच्यावर गळा, दोन्ही एकाच खोलीत, एकाच माणसाचे ऐकू आले.

उठण्याआधी मी त्याला स्टुलाच्या चारही पायांभोवती आणि दोन्ही स्टँडच्या बुडाशी जमिनीवर चिकटपट्टी लावायला सांगितली. माइकच्या कलाचे दोन बाजूंनी फोटो काढले, तोंडापासून आणि बाराव्या फ्रेटपासूनची अंतरं विती-बोटांत त्याच्या वहीत लिहून घेतली. दुसरं गाणं पुढच्या रविवारी करायचं होतं.